माहूरच्या घाटात गाडी नेण्यापूर्वी

मी, आदिनाथ रामलिंग येरोळकर, वय चौसष्ट, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला सेवानिवृत्त मोटार मेकॅनिक निदेशक, मूळ गाव शिरूर अनंतपाळ, हल्ली राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि मी नशेत नाही. मी फक्त घाबरलेलो आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे मी माझे मित्र शिवशंकर यांना दोनदा विचारले. ते कोर्टात शिरस्तेदार होते. चालते म्हणाले.

कारण असे की उद्या सकाळी माझी एकुलती एक मुलगी तनुजा आणि मी तिची लाल गाडी घेऊन माहूरच्या घाटात जाणार आहोत. गाडी ती चालवील, मी शेजारी बसेन. माझी पत्नी चंद्रप्रभा हिला आम्ही रेणुकामातेच्या दर्शनाला चाललो असे सांगितले आहे. तिने ओटीचे सामान पिशवीत भरून दाराशी ठेवले आहे. ती पिशवी दिसू नये म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करतो.

कलम १. नांदेडचे राहते घर आणि बँकेतील ठेवी चंद्रप्रभाच्या. घर तिने ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. मी गेल्यावर तिचे देगलूरचे भाऊ रामकिशन "ताई, एकटी कशी राहशील" म्हणत बिऱ्हाडासह येतील. त्यांना चहा द्यावा आणि परतीच्या बसच्या वेळा सांगाव्यात.

कलम २. शिरूर अनंतपाळची जमीन धाकटा भाऊ अण्णाराव कसतो, ती त्याचीच व्हावी. बांधावरच्या चिंचेवरून आम्ही बरीच वर्षे बोललो नाही, ते भांडण मी येथे सोडून देतो. चिंच मात्र माझ्याच बाजूला होती.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, जॅक आणि टॉर्क रेंच तनुजाला. ती नांदेडातच गाड्या दुरुस्तीचे शेड चालवते. टॉर्क रेंच रामकिशन यांना एका दिवसासाठीसुद्धा देऊ नये. नट किती घट्ट करायचा ते मोजणारे हे नाजूक हत्यार. त्यांनी ते नेऊन ट्रॅक्टरच्या चाकाचे गंजलेले नट फोडले आणि परत देताना म्हणाले, "पाना तो पानाच की, दाजी."

कलम ४. लाल गाडी तनुजाच्याच नावावर आहे. ठोकलेली घेतली, आम्ही दोघांनी उभी केली. मागचे आसन काढून, गाडी उलटलीच तर छत दबू नये म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला, इंजिन जोरकस केले. या गाडीने ती डोंगरचढाईच्या शर्यतीत उतरते, आणि पुढची शर्यत महिनाअखेरीस आहे. गाडी तिचीच असल्यामुळे मी तिला फक्त निदान देऊ शकतो, तेही अर्धवट.

दोष असा: इंजिन चांगले तापले, उतार लागला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की तिसरा गिअर आपोआप निसटतो. गाडी न्यूट्रल होऊन मोकळी धावते. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर, आणि घाटात ब्रेक आधीच तापलेले असतात. क्लच घसरतो का ते पाहिले. चौथ्या गिअरमध्ये हळू चालताना एकदम ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसते ओरडले असते आणि वेग वाढला नसता, तर क्लच प्लेट गेली समजायचे. वेग वाढला. क्लच नीट सुटतो का तेही पाहिले. पेडल दाबून, थोडे थांबून रिव्हर्स टाकला. खरखर झाली नाही. तरी रामकिशन फोनवर म्हणाले, "क्लचच बदला. पोरीनं पाय ठिवून ठिवून जाळला आसंल." न बघताच पोरीच्या पायाला दोष द्यायचा, हे निदान मी वर्गात कुणाला शिकवलेले नाही.

राहिल्या दोन शक्यता. इंजिन जागेवर धरून ठेवणारे रबरी माउंटिंग आतून फाटले असेल आणि पाय उचलताच इंजिन हलून गिअरचा दांडा ओढत असेल. नाहीतर गिअरबॉक्सच्या आत दाते झिजले असतील. ब्रेक दाबून जागेवरच इंजिनाला जोर देऊन पाहिला तेव्हा काहीच हलले नाही. गिअर निसटण्याआधी दांडा हाताला झटका देतो की गप्प राहतो, यावरून मात्र कळेल: झटका दिला तर माउंटिंग, गप्प राहिला तर दाते. चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, म्हणून दांड्यावर हात ठेवायला मी. गिअरबॉक्स उतरवून पाहता येतो, पण तो खोलून परत बसेपर्यंत शर्यत गेली.

मागच्या रविवारी देगलूर रस्त्यावरच्या उताराला हे करून पाहिले. गिअर निसटला. समोर उसाची ट्रॉली होती. तनुजाने कशी थांबवली मला माहीत नाही, कारण मी डोळे मिटून "आई गं" म्हणून ओरडलो होतो. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमचा हातच निघाला दांड्यावरून. झटका बसला का न्हाई, कळलंच न्हाई." जन्मभर पोरांना शिकवले आणि हात काढून घेतला, याची मला लाज वाटली. "पुन्हा जाऊ," मी म्हणालो. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

कलम ५. हे सर्वात महत्त्वाचे. उद्या माझे काही झाले तर मी समजून उमजून, स्वखुशीने त्या गाडीत बसलो होतो. पोरगी चालवत होती म्हणून बाप गेला, असे माझ्या तेरवीच्या जेवणात जो कोणी म्हणेल त्याला ताटावरून उठवावे, मग तो कितीही जवळचा असो. तनुजाने पुन्हा गाडी चालवावी. हे मृत्युपत्र मुळात याच कलमासाठी लिहिले.

कलम ६. सदर तनुजा ही माझ्यासोबतच

हे कलम शिवशंकर यांनी सुचवले. वरची कलमे वाचून ते म्हणाले, "सर, लाभार्थी तुमच्यासंगंच वारली तर हत्यारं कुणाला, ते बी लिहा. लिहावं लागतं." मी लिहायला घेतले आणि पेन थांबला. पुढचा शब्द मला येतो, पण लिहिता येत नाही. पाच कलमे लिहिताना मी फक्त स्वतःलाच मारत आलो होतो. तिला प्रत्येक कलमात जिवंत ठेवून हत्यारे देत होतो. बसणार मात्र दोघेही त्याच गाडीत.

मी उठून अंगणात गेलो. ती चाकांची हवा तपासत होती.

"तनू, उद्या जायचं न्हाई."

"का?"

"मला लई भ्या वाटून राहिलं."

तिने हवेचा मीटर खाली ठेवला आणि पायरीवर बसली. "मला बी वाटून राहिलंय, बाबा. रविवारपासून. पण तुम्ही लगेच पुन्हा जाऊ म्हणलात. मग मी कशी न्हाई म्हणू?"

मी तिच्याशेजारी बसलो. तिचा हात धरला.

"गिअरबॉक्स उतरवू," मी म्हणालो. "शर्यत जाईल."

"जाऊ द्या की."

 मग तिने मला रडू नका म्हणून सांगितले आणि स्वतःच रडली.

सबब गाडी घाटात जाणार नाही. चंद्रप्रभाला खरे काय ते संध्याकाळी मीच सांगेन. कलम १ ते ५ कायम आहेत. कलम ६ असेच अर्धे राहील. शिवशंकर म्हणतात, अर्धवट कलम कोर्टात शंका उत्पन्न करते. करू दे. ज्या दिवशी कलम ६ लागेल, त्या दिवशी हा कागद कुणी नाही वाचला तरी माझी हरकत नाही.

लिहून ठेवणार: आदिनाथ रामलिंग येरोळकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. शिवशंकर, सेवानिवृत्त शिरस्तेदार, नांदेड (सही). कलम ६ अपूर्ण असल्याचे लिहून ठेवणाऱ्यास समजावून सांगितले. ऐकले नाही.
२. डॉ. प्रियदर्शनी, शेजारी (सही). लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद आहे.

स्थळ: नांदेड
दिनांक: १२ डिसेंबर २०२४