ओल्या हातानं खुलणारा फोन

प्रफुल,

मासोऱ्या घेऊन पहिल्या जीपनं ब्रह्मपुरीले चालली. भात गंजात हाये, गरम करून खाजो.

टोपल्याखाली तुयी लिस्ट सापडली. ट्रेडिंगसाठी फोन कसा पायजे, त पडदा मोठा, हँग नाई झाला पायजे, बॅटरी दिवसभर, बोट टेकवलं का खुलला पायजे. आठ दिवस झाले, तू हेच घोकून राह्यला. जाळ्याले हात लावत नाई. काऊन? त ओल्या बोटानं फोन खुलत नाई, अन् तेवढ्यात शेअरचा भाव पडते म्हणे!

काल तलावावर गेली त सिंदेवाहीचा एक माणूस आपल्या बाबाचा डोंगा, जाळं टाकाची नाव, दोरीनं मोजत होता. इचारलं त म्हणे, "बाई, तुमच्या भावानं इकला. त्याले नवा फोन घ्याचा हाये." घरात मी बसली होती, मले एका शब्दानं पुसलं नाई तू.

इतके वर्स मासोऱ्या साफ करून राह्यली. पोटातली घाण याच हातानं काढली, कधी किळस नाई आली. काल तुयी आली.

त्या माणसाले मी वापस धाडलं. डोंगा कुठीच जात नाई. उद्यापासून पहाटं जाळं तू टाकशीन. फोन घ्याचा त घे, मी काई आडवी येत नाई. फक्त तुया लिस्टच्या खाली मी एक गोष्ट लिवली हाये, दुकानदाराले तेच पयले सांगजो:

ओल्या हातानं खुलला पायजे.

कुंताबाई