पाणचोराला दिलेला शब्द

प्रिय नोएमी,

बसवाला सेवेरो उद्या सकाळी अरेकिपाला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सोबत खारवलेलं मांस आणि चीज आहे. चीज कुरतडलेलं दिसलं तर त्याला विचार, वाटेत त्याला फार भूक लागते. फोन करता आला असता, पण त्यासाठी टेकडीवर चढायचं, धापा टाकत बोलायला लागायचं, आणि तू मध्येच म्हणणार, "आई, अल्पाका विकून टाक नि इकडे निघून ये." पत्रात मला मध्येच अडवता येत नाही, म्हणून हे बरं.

तर ऐक. अल्पाका विकायचे नाहीत, लोकरीचं एकही जनावर नाही. आपली पाणथळ जिवंत होतेय गं! तू गेलीस तेव्हा तिच्या मधोमध पाय ठेवला तरी धूळ उडायची. वाळकं गवत चावून चावून म्हाताऱ्या माद्यांचे दात झिजले होते. आता तिथून चालताना बुटात पाणी शिरतं, आणि मी मुद्दाम तिथूनच चालते. रानहंसांची एक जोडी परत आली आहे. नर भलताच भांडखोर आहे, मला बघितलं की मान पुढे काढून अंगावर येतो. मला तो फार आवडतो.

फार काही मोठं केलं नाही आम्ही. गवताच्या मुळांसकट ढेपा कापल्या आणि पाटात जागोजाग आडव्या लावल्या, म्हणजे पाणी सरळ खाली न पळता रानभर पसरत राहतं. पण इथे पसरलेलं पाणी खालच्या चिल्कापाता गावात पोचत नाही ना! गेल्या वर्षी आम्ही सगळंच पाणी अडवलं आणि मक्याच्या पेरणीला त्यांच्या नदीत नुसते गोटे उरले. मग त्यांचा मुखिया दामासो अख्खा गाव घेऊन वर आला. हो, तोच दामासो, ज्याला तुझे बाबा जेवताना रोज न चुकता "पाणचोर" म्हणायचे. त्याने ढेपा उचकटल्या आणि वर मलाच म्हणाला, "बासिलिया, तुझ्या बकऱ्यांचे पाय ओले राहावेत म्हणून आमची चूल विझवतेस काय?" माझ्या अल्पाकांना बकऱ्या म्हणाला! मी तिथलीच एक ओली ढेप उचलून हाणली. त्याची टोपी पाटातून वाहत त्याच्याच गावाला गेली. अजूनही आठवलं की मी एकटीच हसते.

पण नंतर लोकर विकायला खाली गेले तेव्हा त्यांची शेतं पाहिली. मका गुडघ्यालाही लागत नव्हता. आपली जनावरं जगवायची म्हणून दुसऱ्याचं ताट रिकामं करायचं, हे काही बरं नाही वाटलं. यंदा मुखियाची काठी माझ्या हातात आली, तेव्हा मी ढेपा पुन्हा लावून घेतल्या आणि सांगून टाकलं की आठवड्यातले चार दिवस पाणी पाणथळीला आणि तीन दिवस नदीला सोडायचं. आपलेच लोक म्हणाले, "बासिलियाला ऊन लागलंय." लागू दे म्हटलं. मग सप्टेंबर आला. दर वर्षी तेव्हा नदी आटते, पण यंदा पाणथळीच्या पायथ्याशी पाणी झिरपून नदीत उतरतच राहिलं, रात्रंदिवस. दामासो एकटाच वर आला, गाय हरवल्याचं निमित्त काढून. ओल्या गवतावर बसला, हात पाण्यात घातला आणि म्हणाला, "गार आहे." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

मागच्या रविवारी दोन्ही गावांची सभा झाली. चार-तीनची वाटणी सगळ्यांना पटली, पण ती पाळणार कोण? शिक्का मारलेला कागद मागेही होता, आणि तो त्यांनी मोडला तसा आपणही मोडला. त्या दिवशी जमलं नसतं तर ढेपा पुन्हा उचकटल्या गेल्या असत्या, आणि मी खरंच कळप विकून तुझ्या दारात उभी राहिले असते. पण जमलं. कसं जमलं, तेच सांगायला हे पत्र लिहितेय. आता बस, आणि सगळं वाचून होईपर्यंत ओरडू नकोस.

म्हातारी एउफ्रासिया कोकाची पानं चघळत म्हणाली, "कागद कशाला? नातं जोडा. कोम्पाद्रेचं पाणी कोण चोरतं?" तुला ठाऊक आहे, आपल्याकडे पोराचं जावळ काढताना पहिली कात्री जो लावतो तो त्या घराचा जन्माचा कोम्पाद्रे होतो, सख्ख्या भावाइतका जवळचा. मग दोन्ही गावांत जावळाचं पोर शोधायला लागले, तर एकही नाही! तरणी माणसं सगळी शहरात. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तुझ्या रोनालचा, माझ्या एवढ्याशा नातवाचा, फोटो मी गावभर दाखवत फिरले आहे. मी हो म्हणाले, पहिली कात्री दामासोची. तुला न विचारता. ती कात्री तू शिवणकामाच्या मालकिणीच्या हाती द्यायचा शब्द दिलायस हे माहीत असून हो म्हणाले. दामासोने मान खाली घातली. त्याला ना मूल ना बाळ, आणि त्या जिभेपायी आजवर कुणी आपलं पोर त्याच्यापुढे बसवलेलं नाही. हळूच विचारलं त्याने, "पोरगं मला घाबरणार नाही ना?" नोएमी, रोनालच्या डोळ्यांवर केस येतात म्हणून या महिनाअखेरीस कापणार, असं म्हणाली होतीस. नको गं. पिन लाव, वेणी घाल, लोक मुलगी म्हणाले तर म्हणू दे, पण कात्री लावू नकोस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्याला घेऊन ये. दोन्ही गावांनी पाणी वाटून सोडायला सुरुवातही केली आहे, तू येशील या भरवशावर.

रागावलीस तरी तुझीच,
आई