मागचं सीट नको म्हणणारं गिऱ्हाईक

बाबा, तुमची गाडी विकायला काढली आणि तेव्हापासून मी दाराची कडी दोनदा पाहून झोपते. तुम्ही असताना आपल्या दाराला कडी लावत होतो का, तेही मला नीट आठवत नाही. कोणाचं तरी पोट दुखायचं, कोणाची तरी लेक सासरी जायला निघायची, माणूस सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि तुम्ही अर्धं ताट तसंच ठेवून किल्ली घ्यायचात. मी मागे धावले तर पुढच्या सीटवर जागा मिळायची, आणि दार आपटलं तर बोलणी: "आपटू नको, ते बी म्हातारं होऊन राह्यलं."

आता ती खरंच म्हातारी झाली आहे. तुमच्यामागे काकांनी ती इतकी वर्षं ओढली. नाचणगाव ते वर्धा रोजच्या सवाऱ्या, सेवाग्रामला पेशंट, लग्नसराईत पार तळेगावपर्यंत. मीटर तीन लाखांच्या पुढे कुठेतरी जाऊन अडकलं, त्यानंतर ती किती फिरली ते कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या गिअरवर हात धरून ठेवावा लागतो. काकांना दिवेलागणीनंतर समोरचं धूसर दिसतं, आणि पुन्हा पासिंग करायचं तर गाडीत जीव राहिला आहे त्यापेक्षा खर्च जास्त. भंगारवाला येऊन गेला. त्याने टायरला लाथ मारून पाहिली, ती लाथ आईला फार लागली. मग केळझरचा एक शेतकरी आला, भाजीपाला बाजारात न्यायला गाडी शोधणारा. त्याने बॉनेट उघडलं, काकांना चारदा गाडी सुरू करायला लावली, धुराचा वास घेतला आणि म्हणाला, "म्हातारी बोलते चांगली, पण खाते लय." घरी विचारून सांगतो म्हणून गेला.

तिसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी शाळेत होते. तुम्हाला सांगायचं राहिलंच, मी बी.ए. झाले आणि पुलगावच्या एका शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आले तर आईने दारातच हातावर साखर ठेवली. गाडी विकली गेली, बयाना घेतला. माणूस पुलगावचाच, एका पैशाची घासाघीस केली नाही. आई इतक्या आनंदाने सांगत होती की मी तिला मध्ये थांबवलं नाही. त्याने बॉनेट उघडलंच नाही म्हणे. मागच्या चाकापाशी आडवा होऊन स्प्रिंगचे पाटे मोजले आणि आणखी एक पाटा बसेल का ते काकांना विचारलं. मागचं सीट काढून तुम्हीच ठेवा, वहिनी, अंगणात बसायला होईल, असं म्हणाला. आणि कागदावरच्या नावाचं मग पाहू, घाई काय आहे. भला माणूस, आई म्हणाली. माझ्या तोंडातली साखर तशीच राहिली.

तुम्हाला काय समजावून सांगू. नदीवरचा पूल ओलांडला की दुसरा जिल्हा, तिथे दारूची दुकानं. अलीकडे आपल्याकडे बंदी. त्या पुलावरून काय येतं आणि कशातून येतं, हे आपल्या इथल्या लहान पोरालाही कळतं. त्या कामाला नवी गाडी कोणी लावत नाही. जुनी लागते, वजन पेलणारी, मागे मोकळी, पकडली गेली तर रस्त्यात टाकून पळता येईल अशी. आणि कागदावर दुसऱ्या कोणाचं तरी नाव. ठाण्यासमोर अशा गाड्या उभ्या असतात, काचा फुटलेल्या, आत वेल चढलेले. कागदावर आता आईचं नाव आहे, बाबा. तुमच्यानंतर गाडी तिच्या नावावर झाली. गाडी पकडली तर पोलीस पुलगावला नाही, आपल्या दारात येतील आणि पहिलं नाव तिचं घेतील.

त्या रात्री मला पुलावरचा तो दिवस सारखा दिसत होता. मी आठ-नऊ वर्षांची आहे. आपण पलीकडून एक वऱ्हाड घेऊन येतो आहोत, मी पुढे, तुमच्या आणि नवरदेवाच्या मामाच्या मध्ये. खड्ड्यात चाक जातं आणि मागे काहीतरी किणकिणतं. तुम्ही पुलावरच गाडी उभी करता. मागे जाता, सीटखालून बाटल्यांचं पोतं काढता आणि कठड्यावर ठेवता. सगळे खाली उतरलेले, प्यालेले, तुमच्याभोवती. तुम्ही एवढंच विचारता, "पोतं नेता का गाडीनं जाता?" मामा तुमच्या छातीला बोट लावून काहीतरी बोलतो. खाली नदीचं पाणी. मला वाटतं, आता हे बाबांना ढकलतील. शेवटी ते शिव्या देत गाडीत बसतात, पोतं तिथेच राहतं. तुम्हाला तेव्हा भीती वाटली का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं आहे.

तो माणूस गाडी न्यायला आला, सोबत एक ड्रायव्हर. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर गंध, आवाज मऊ. मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं: आधी वर्ध्याला जाऊन नाव बदलू, मग गाडी न्या. तो हसला. "ताई, शिकलेल्या हाय तुम्ही. नावाले टाइम लागते, तुम्हालेच माहीत हाय." मी म्हटलं, मग आम्हाला विकायची नाही, आणि बयान्याचं पाकीट पुढे केलं. त्याने हात मागे घेतला. ड्रायव्हर अंगणातल्या गाडीभोवती फिरत होता, टपावर थापा मारत. "राहू द्या. बयाना देल्ला म्हणजे गाडी आमची. बुधवारी येतो," तो माणूस म्हणाला. फाटकापाशी थांबून त्याने मला विचारलं, अगदी काळजीने विचारावं तसं, "शाळा किती वाजता सुटते, ताई? रस्त्यानं अंधार पडत असन."

बस, एवढंच. यात पोलिसांना सांगण्यासारखं काय आहे, सांगा. शाळा सुटली की मी दुसऱ्या दोघी बाईंबरोबर निघायची आणि त्यांचं वळण आलं की पुढे पळायची. मागून मोटरसायकल आली की पाठ ताठ व्हायची. काका म्हणाले, "देऊन टाक ना वं माय. काऊन नादी लागतं असल्या लोकाइच्या? आपण ठाण्यात लिहून देऊ गाडी इकली म्हणून." मला ते पटायला लागलं होतं, खरंच. मंगळवारी आईने पांढरं लुगडं नेसलं, पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ते, आणि पाकीट हातात घेऊन म्हणाली, "चाल."

त्याच्या घरी तो पाटावर जेवत होता. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. आईने पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला आणि उभ्यानेच बोलली.

"भाऊ, जबान म्याच देल्ली होती, म्हणून म्याच वापस घ्याले आली. गाडी द्याची नाई."

"वहिनी, तुम्ही लोकाइचं ऐकून राह्यल्या. मी काय वाईट काम करतो का?"

"मले काय माहीत तुम्ही काय करता. मले लिहिता येत नाई. सही तेवढी येते, ते बी पोरीनं शिकवली. थेच एक सही मायी, अन् थे त्या गाडीच्या कागदावर हाय."

त्याचा घास हातात राहिला. त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्या बायकोकडे पाहत होते. तिने पुढे होऊन आईच्या हातातून पाकीट घेतलं, नवऱ्याला न विचारता, आणि आत निघून गेली. त्याने त्या दाराकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला आणि भात कालवायला लागला. त्या एका "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. बाहेर आल्यावर आई रस्त्याच्या कडेला बसली.

बुधवारी कोणी आलं नाही. गाडी केळझरच्या शेतकऱ्याने नेली, आधी नाव करून, बऱ्याच कमी किमतीत. नेताना मागचं सीट त्यालाही नको होतं, टोपल्या ठेवायच्या होत्या, तर मी त्याला दोनदा विचारून घेतलं, टोपल्याच ना. मोटरसायकल आपल्या गल्लीत हळू झाली की अजूनही उठून कडी पाहते.

विहारात बायका मला म्हणतात, बापाची पोरगी शोभते. काकासुद्धा चारचौघांत तेच सांगतात. कॉलेजात दारूबंदीवर बोलून मी कप आणला होता, तो आईने पुसून तुमच्या फोटोशेजारी ठेवला आहे. मी ऐकून घेते. पण बाबा, त्या सकाळी अंगणात तो माणूस "चला, आत्ताच्या आत्ता वर्ध्याला जाऊन नाव करतो" म्हणाला असता, तर मी त्याला किल्ली दिली असती. गाडीत काय जाणार ते माहीत असूनही दिली असती. मला फक्त आईचं नाव त्या कागदावरून काढायचं होतं.

लिहून झालं की आईला वाचून दाखवायचं, असं ठरवून बसले होते. ती मघापासून दोनदा विचारून गेली, काय लिहून राह्यली म्हणून. शाळेचं काम आहे, असं सांगितलं.