गुळाचा अर्धा खडा

सारंगखेडा, मंगळवार, मार्गशीर्ष वद्य तृतीया

मुलांचा जबाब कसा घ्यावा, हे साहेब आज शिपायांना शिकवत होते. घोडेबाजारातून जिचा भाऊ पळवला, ती मुलगी समोर गप्प बसलेली. मी खाली बसून तिला गूळ दिला.

"दादा, तुमले पोर शे का?"

"व्हती. औंदा गयी."

तिनं खडा मोडून अर्धा मला दिला आणि भावाला नेणाऱ्याचं नाव सांगितलं. संध्याकाळी मुलगा सापडला.

साहेब म्हणाले, "शाब्बास जमादार! सगळ्यांनी असंच करा. मुलगी नसली तरी मेली म्हणा."

शिपाई हसले. मीही हसलो. का हसलो? माझी छबू जाऊन चारच महिने झाले.

घरी हिनं सदरा धुवायला मागितला. दिला नाही. खिशात तो अर्धा खडा आहे. कुणी दिला म्हणून सांगू?