आठव्यावरची टोपी

३ मे, मंगळवार

बोट रद्द! सलग तिसऱ्यांदा. वारा म्हणे. वारा काय आम्हा बेटावरच्यांना नवीन आहे? नवरा माझा, टॉर्कल, तिकडे पलीकडच्या किनाऱ्यावर, वृद्धाश्रमाच्या खिडकीशी. अर्धांगाचा झटका आला त्याला सात महिने झाले. तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही. मी मात्र त्याच्यासाठी ओटच्या पिठाचे ओटकेक भाजून, डबा बांधून धक्क्यावर उभी. घरी येऊन मीच खाल्ले.

संध्याकाळी गोल्फच्या मैदानावर गेले. एकटी. चेंडू एकच. एक फटका माझा, पुढचा त्याचा. त्याचाही मीच मारते, त्याच्याच काठीनं. काठी मला लांब पडते. चेंडू जातो वाळूच्या टेकडीत, उंच गवतात. मग शोधत बसते. घरी जायची घाई कुणाला आहे!

५ मे

शेजारची क्रिसी आली. शनिवारी, चौदाला जोड्यांची मॅच – जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीनं. "लॅकलनला जोडीदार नाही. एफी, एकटीनं दोघांचं किती दिवस खेळणार? लोक बघतात गं."

लोक कुठले, लॅकलनची मेंढरं बघतात!

तरी हो म्हणून बसले. का म्हटलं, देव जाणे.

९ मे

लॅकलनबरोबर सराव. पहिलं होल वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून म्हणाला, "वहिनी, सुरुवात मी करतो." म्हणजे विषम होलचा पहिला फटका त्याचा, समचा माझा. एकदा ठरलं की बदलता येत नाही. टॉर्कलबरोबर एकेचाळीस वर्षं उलटं होतं – विषम माझे, सम त्याचे. डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं.

आठवणीनं जीव नुसता तळमळतोय.

१४ मे, शनिवार

हरलो. माझ्यामुळे!

दुसरं, चौथं, सहावं नीट सुरू केलं, मनात मोजत मोजत. सातव्यापर्यंत आम्ही पुढे होतो. लॅकलनच्या फटक्यानं चेंडू सशाच्या बिळात गेला तरी! मग आठवं. टेकडीच्या माथ्यावर, खाली समुद्र, उभं राहवत नाही इतका वारा. टॉर्कल तिथे टोपी काढून माझ्या हातात द्यायचा, मग मारायचा. दर वेळी. मी सवयीनं बाजूच्या खडकापाशी गेले आणि हात पुढे केला.

लॅकलन बावचळला. माझ्या हाताकडे बघितलं, स्वतःची टोपी काढली, दिली.

"मार ना," मी म्हटलं.

मारला बिचाऱ्यानं. झकास मारला!

क्रिसी किंचाळली, "एफी, अगं आठवं तुझं होतं!" पाळी चुकली, म्हणून ते होल समोरच्या जोडीला गेलं. शेवटी त्याच एका होलनं हरलो.

लॅकलन एवढंच म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगितलं म्हणून मारला. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." रागावला असता तर बरं झालं असतं. त्याची टोपी माझ्याच हातात होती. मेंढरांचा वास येत होता. टॉर्कलच्या टोपीला तंबाखूचा यायचा. मला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर.

१५ मे, रविवार

चर्च. खेळ बंद. मैदानावर मेंढरं हुंदडतायत, त्यांना रविवार पाळायला कोण सांगणार.

१६ मे

बोट सुटली!

टॉर्कलजवळ दोन तास बसले. ओटकेकचा तुकडा भरवला. मॅचचं सगळं सांगितलं – वारा, ससा, आठव्यावर पाळी चुकली ते. टोपीचं सांगितलं नाही. लाज वाटली.

तो खिडकीबाहेर बघत होता. निघायला उठले, तर माझी बाही धरली. आणि बोलला! अडखळत, पण स्वच्छ –

"बाई, तुम्ही बेटावर जाताय ना? माझी बायको भेटेल, एफी. तिला सांगा, आठव्यावर थांब म्हणावं. माझी टोपी कोण धरणार?"

सांगते, म्हटलं.