निर्मलाचा पापड

चि. सौ. सुचितास,

मंगळवारी तू फोनवर विचारलंस, "जाऊबाई, तुमच्याकडची निर्मला मले काम मागून राह्यली. कशी आहे हो?" मी म्हटलं, "हात जड आहे तिचा, पापड जाड लाटते." तू तिला परत पाठवलंस. मी खोटं बोलले.

धंदा कसा चालवावा याची पुस्तकं मी वाचनालयातून आणून वाचते. सगळी हेच सांगतात, की दुसऱ्यावर काम सोपवा. तुला ते सोपं आहे. शेगावच्या तुझ्या पापडाच्या दुकानात भाऊजी बसतात, चुकलं तर तुझी थट्टा करतात. हे गेल्यापासून इथं डोणगावात माझी चूक सांगायला कोणी नाही. तुझं दुकान पाहून आले की दोन दिवस घास गोड लागत नाही.

बायांनी लाटलेला प्रत्येक पापड मी पुन्हा लाटते. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सगळ्यांसमोर निर्मलाचा घेतला, तर तो फाटला. ती म्हणाली, "काकू, अजून किती पातळ पाह्यजे? माह्या हातचं पटत नसन तर बोलावता काऊन?" आणि उठून गेली.

हे माझा पापड डोळ्यांपुढे धरून म्हणायचे, "याच्यातून तू दिसतं मले." निर्मलाचा त्याहून पातळ होता. तेच मला सोसलं नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. आत्ता फोन करते आणि खरं सांगते, तिला ठेवून घे. फक्त तिचा पापड भाऊजींना डोळ्यांपुढे धरू देऊ नकोस, हे मात्र फोनवर म्हणवणार नाही.

तुझी थोरली जाऊ,
प्रमिला