कानात सांगितलेलं नाव

८ जानेवारी
सरकारचं तेच तुणतुणं – पत्रकारांनी आपली आचारसंहिता आपणच करावी, नाहीतर कायदा येईल. पत्रकार संघानं मसुदा समितीवर मला घेतलंय. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी आठवण ठेवली! खरं सांगते, सुखावले.

११ जानेवारी
दिवसभर जुनं ऑफिस डोळ्यांपुढे. बातमी कुणी दिली, ते नाव संपादकांच्या कानात सांगायचं. कागदावर नाही, फोनवर नाही. त्यांचा डावा कान अधू. नवा वार्ताहर हमखास डावीकडे वाकायचा. ते त्याला पूर्ण बोलू द्यायचे, मग मान वळवून म्हणायचे, "आता इकडून सांग." डोळे मिटून "बरं" म्हणाले की बातमी छापायला गेलीच! तीस वर्षांत एक नाव फुटलं नाही. काय माणूस होता! फार आठवण येते.

१९ जानेवारी
माझं कलम मसुद्यात आलं – मोठी बातमी छापण्याआधी ती देणाऱ्याचं नाव संघाच्या एका ज्येष्ठ सदस्याच्या कानात सांगायचं. लेक स्वतः वार्ताहर. म्हणाली, "आई, संपादक तुमचे होते. हा सदस्य कुणाचा?"
मी भडकले. "तुमच्या पिढीचा कशावर विश्वासच नाही!"

२ फेब्रुवारी
कलम जसंच्या तसं मंजूर. बैठकीला आलेला सरकारी अधिकारी खास उठून आला – "ताई, छान सुचलं तुम्हाला!" सदस्य म्हणून मलाच नेमलं.

२० फेब्रुवारी
लेकीकडे सरकारी औषधखरेदीतल्या घोटाळ्याची बातमी. "तुझाच नियम ना!" म्हणत कानाशी वाकली. लहानपणी अशीच गुपितं सांगायची, अर्धी हसण्यात जायची. आज हसली नाही. मी डोळे मिटून "बरं" म्हटलं. भरून आलं.

२७ फेब्रुवारी
बातमी गाजली. आणि हे पत्र! आमच्या आचारसंहितेवर सरकारनं काढलेल्या नव्या नियमावलीनुसार नाव ऐकणारा सदस्य सरकारी सेवक समजला जाईल, मागताच नाव द्यावं लागेल. मुदत सोमवारपर्यंत. मूर्ख मी! त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं. नाव दिलं तर बातमी देणारा तो बिचारा कारकून तुरुंगात जाणार. त्याला दोन लहान मुलं आहेत.
लेक एका शब्दानं टोचून बोलली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "विसरले म्हण. सत्तरीत कोण संशय घेणार?" पटलं. तसंच करायचं.

सोमवार
"विसरले" म्हणणारच होते, जरा अडखळले. तेवढ्यात तोच अधिकारी गोड हसून म्हणाला, "चालायचंच ताई, वय झालं." डोकं सणकलं! म्हटलं, "स्पष्ट आठवतंय. सांगणार नाही."
लेक माझे कपडे आणि गोळ्या पिशवीत भरतेय. पोलीस बाई दारात उभी आहे. चार ओळी लिहू देते म्हणाली.